कारिओन ते काल्सादिया

स्पेनमधली सांतियागोची पदयात्रा, संत याकोबाच्या कबरीपर्यंत चालत. बुर्गोस झालं, लेओन झालं. कॅथेड्रलं बघून यात्रेच्या पासावर शिक्के घेतले. लक्षात राहिली ती मधली एक दुपार.

कारिओन सोडलं की काल्सादियापर्यंत 17 किलोमीटर ना गाव, ना धड सावली. कापणी झालेल्या गव्हाच्या शेतांतून सरळसोट पांढरा रस्ता. वाट दाखवणारे पिवळे बाण हवेत कशाला, वळायला जागाच नाही! डाव्या टाचेचा फोड टम्म फुगला आणि मी जपमाळेतली दुःखाची रहस्ये अर्ध्यावर सोडून याकोबालाच बोल लावू लागले. जब्दीचा मुलगा तू, गालीलाचा कोळी. हेरोद राजाने इसवी सन 44च्या सुमारास तुला तलवारीने मारलं ते यरुशलेमात. मग कबर इकडे स्पेनच्या वायव्येला, गालिसियात कशी? होडीतून आलास म्हणे, आणि 9व्या शतकात चांदण्यांच्या उजेडात सापडलास!

मागून एक कोरियन आजोबा आले. खुणेनेच मला बसवलं, बूट-मोजा काढला आणि पाय थेट स्वतःच्या मांडीवर घेतला. वडीलधाऱ्या माणसाच्या अंगाला पाय! मी “अहो, नको, नको” म्हणत मागे ओढतेय, ते सोडत नाहीत. सुई लायटरवर तापवली, दोरा फोडातून आरपार काढला, पाणी झिरपायला टोकं बाहेर ठेवली. आयोडीनने कळवळले तर चक्क फुंकर घातली. ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी फादर आपले पाय धुतात तेव्हा आपण ते घरून घासून नेतो. हा पाय घामाने कुबट, धुळीने माखलेला. मग आजोबा उठले आणि चालू लागले. पुन्हा भेटले नाहीत.

वाटेतल्या लोखंडी क्रुसापाशी यात्रेकरू घरून आणलेला दगड ठेवतात, तिथे अर्नाळ्याचा खडा ठेवला. सारिया गावापासून नुसती जत्रा. यात्रेच्या प्रमाणपत्राला शेवटचे 100 किलोमीटर पुरतात, त्यामुळे शाळांच्या सहली, स्पीकरवर गाणी. जपमाळ हातात आणि तोंडात शिव्या.

सांतियागोच्या कॅथेड्रलात घोड्यावरचा याकोब आहे, तलवार उगारलेला. इतिहासकार जी झालीच नाही म्हणतात त्या मुस्लिम मूरांविरुद्धच्या 844च्या लढाईतला. पायदळी पडलेले मूर फुलांनी झाकलेत. लाज वाटते तर हलवा ना तो पुतळा! तलवारीने मेलेल्या माणसाच्या हाती तलवार देताना कुणाला काहीच वाटलं नाही?

आगाशीचं आमचं चर्चही याच संताचं, त्यामुळे निघताना प्रार्थनेसाठी नावांची ही एवढी यादी मिळालेली. कुणाचा गुडघा, कुणाच्या सुनेचं बाळंतपण. वेदीमागच्या त्याच्या दुसऱ्या पुतळ्याला मिठी मारून निम्मी नावं घेतली तोच मागच्या बाईने खांद्याला ढोसलं. उरलेली खाली कबरीपुढे घेतली. कोरियन आजोबांचं नाव ठाऊक नव्हतं, नुसतं “ते सुईवाले” म्हटलं.