आमची वाटचाल : उधारीची मिरची आणि निर्यात पत विमा

नागपूरच्या कळमना मार्केटमधून मिरची घ्यायची, दळून पॅक करायची आणि कंटेनरने न्हावा शेवा बंदरात धाडायची, हा आमचा धंदा. परदेशात गिऱ्हाईक मिळतं. अवघड असतं ते त्याला साठ-नव्वद दिवसांची उधारी देणं. एलसीचा, म्हणजे त्याच्या बँकेच्या लेखी पैशाच्या हमीचा, हट्ट धरला तर तो दुसऱ्या देशातून माल उचलतो, आणि एक मोठं बिल बुडालं तर छोट्या फर्मचं खेळतं भांडवलच संपतं. ही कोंडी देशभरातल्या निर्यातदारांची आहे. म्हणूनच सरकारने १९५७ मध्ये निर्यात जोखीम विम्यासाठी महामंडळ काढलं; तेच आजचं ईसीजीसी.

माल भिजला, बुडाला तर सागरी विमा आहे. ईसीजीसीची पॉलिसी पैसे न आल्यास कामाला येते : खरेदीदाराचं दिवाळं निघालं, त्याने मुदतीत पैसे दिले नाहीत, किंवा त्याच्या देशात युद्ध पेटलं, आयातीवर बंदी आली, डॉलर बाहेर जाणं अडलं. २०२२ मध्ये श्रीलंकेत परकीय चलन आटलं, तेव्हा प्रामाणिक खरेदीदारालाही डॉलर पाठवणं जड गेलं. असा धोका निर्यातदाराने कितीही चौकशी केली तरी त्याच्या हातात नसतो.

पॉलिसी घेतली म्हणजे काम झालं, असं मात्र नाही. आधी प्रत्येक खरेदीदाराची क्रेडिट लिमिट, म्हणजे त्याच्या किती उधारीला विमा लागू राहील ती मर्यादा, ईसीजीसीकडून मंजूर करून घ्यावी लागते. समजा लिमिट ३०,००० डॉलरची आणि येणं ४०,००० डॉलरचं. खरेदीदार बुडाला तर वरचे १०,००० आपल्याच अंगावर. लिमिटमध्ये बसणाऱ्या नुकसानीचीही साधारण ९० टक्के भरपाई मिळते, उरलेलं आपण सोसायचं. महिन्याची शिपमेंट पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत कळवायची, थकलेली बिलंही वेळेवर कळवायची. घोळ बहुतेक इथेच होतो. खरेदीदार फोनवर “अजून महिनाभर थांबा” म्हणतो, आपण जुने संबंध बघून हो म्हणतो. पण ईसीजीसीची मंजुरी न घेता मुदत वाढवली की पुढचा दावाच धोक्यात येतो. नकार मिळालेला माल परस्पर दुसऱ्याला विकतानाही तेच.

मिरचीवाल्यांनी सर्वांत जपायचं ते दर्जाच्या वादापासून. “अफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष) जास्त निघालं” असं म्हणून खरेदीदाराने पैसे अडवले, तर त्याच्या देशातल्या कोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागेपर्यंत दावा उभा राहत नाही. म्हणून कंटेनर भरताना प्रत्येक लॉटचा नमुना काढावा, पिशवीवर लॉट नंबर आणि तारीख टाकून सील करावा, पैसे जमा होईपर्यंत जपून ठेवावा. लॅबच्या रिपोर्टवरचा लॉट नंबर आणि इन्व्हॉइसवरचा लॉट नंबर अक्षरशः एकच हवा.

प्रीमियम खरेदीदाराच्या देशाच्या जोखीम-वर्गावर आणि उधारीच्या मुदतीवर ठरतो. नेहमीच्या पॉलिसीत फक्त धोक्याचे सौदे निवडून विमा काढता येत नाही, उधारीवरची सगळीच निर्यात दाखवावी लागते. हे योग्यच आहे; नाहीतर प्रीमियम परवडण्याजोगा राहिलाच नसता.

बँकाही पॅकिंग क्रेडिट, म्हणजे माल पाठवण्याआधी तो तयार करायला लागणारं कर्ज, देताना ईसीजीसीचं वेगळं कव्हर घेतात. तारण कमी असलेल्या फर्मला कर्ज मिळायला त्याचा मोठा आधार होतो. पण ते कव्हर बँकेचं. बँकेला दाव्याचे पैसे मिळाले तरी आपलं कर्ज फिटत नाही, वसुली चालूच राहते. आपल्या बिलांसाठी आपली पॉलिसी वेगळीच घ्यावी लागते.