मी अनोळखी माणसांशी वाद का घालते

इंटरनेटवर अनोळखी लोकांशी वाद घालण्यात अर्थ नाही, हा सल्ला मला जवळच्या माणसांकडून वारंवार मिळतो आणि तो आपुलकीपोटी दिलेला असतो, हेही मला कळते. तरीही मी तो मानत नाही. ओळखीच्यांच्या चर्चेत वय, नाते, जुने उपकार आणि उद्या पुन्हा समोरासमोर यायचे आहे ही जाणीव, या सगळ्यांचे वजन अनेकदा मुद्द्यापेक्षा अधिक ठरते. अनोळखी माणसाला यातले काहीच ठाऊक नसते. त्याच्यासमोर टिकायचे तर मुद्द्यालाच टिकावे लागते आणि शिवाय तो अशा आयुष्यातून बोलत असतो, ज्याची आपल्या परिचयाच्या वर्तुळात कुणालाच कल्पना नसते.

मार्च २०१९ मध्ये 'सेकिरो' हा व्हिडिओ गेम आला, तेव्हाचा वाद मला या दृष्टीने फार मोलाचा वाटतो. त्या गेममध्ये काठिण्यपातळी निवडण्याची सोय नव्हती. कठीणपणा हाच या गेमचा आशय आहे, तो कमी केला तर निर्मात्याने घडवलेली कलाकृतीच बदलते, असे एका बाजूचे म्हणणे होते. ज्याने पैसे मोजले आहेत त्याला गेम शेवटपर्यंत खेळता आला पाहिजे, असे दुसरी बाजू म्हणत होती. पहिल्या बाजूच्या म्हणण्यात मला आजही तथ्य दिसते, कारण हरून पुन्हा उभे राहण्यातला आनंद आयता मिळत नाही. पण वादाला खरी खोली आली ती हातांच्या हालचालींवर मर्यादा असलेले खेळाडू त्यात लिहू लागल्यावर. सोपा गेम हवा असे त्यांच्यातले अनेक जण म्हणतच नव्हते. शत्रूचा वार ओळखणे आणि योग्य क्षणाची वाट पाहणे त्यांना जमत होते. बोट तितक्या वेगाने बटणावर पोहोचत नव्हते. म्हणजे धडधाकट खेळाडूला जो कठीणपणा अनुभवायला मिळतो, तोच त्यांना हवा होता. 'सेलेस्ट' या २०१८ च्या गेममधला असिस्ट मोड येथे आठवतो: खेळाचा वेग कमी करण्याची सोय त्यात आहे, आणि गेम मुळात आव्हानात्मकच घडवला आहे हे निर्माते तेथे स्पष्टपणे सांगतात. गेम सोपा करावा का, हा प्रश्न अशा लिखाणामुळे मागे पडतो आणि कठीणपणाचा नेमका कोणता भाग आशयाचा आहे व कोणता केवळ बोटांचा, असा अधिक चांगला प्रश्न हाती येतो. माझ्या ओळखीतल्या कुणीही तो विचारला नसता.

सगळे वाद असे नसतात. हिंसक गेममुळे मुले हिंसक होतात का, हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे आणि त्याला जुना इतिहास आहे: १९९३ मध्ये अमेरिकी सिनेटमध्ये त्यावर सुनावणी झाली आणि पुढच्याच वर्षी तेथे गेमना वयानुसार श्रेणी देणारी व्यवस्था उभी राहिली. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये घेतलेली भूमिका दोन भागांची आहे. हिंसक गेम आणि प्रत्यक्ष हिंसाचार यांच्यातला कार्यकारण संबंध सिद्ध करण्याइतका पुरावा नाही, हा एक भाग. ओरडणे, ढकलणे यांसारख्या आक्रमक वर्तनाशी मात्र लहानसा पण सातत्याने आढळणारा संबंध दिसतो, हा दुसरा. वादात प्रत्येक बाजू यातला आपल्या सोयीचा अर्धा भाग घेऊन येते. अशा वेळी मी स्वतःचे मत पुढे न करता दोन्ही भाग शेजारी शेजारी ठेवते, कारण वस्तुस्थितीच्या प्रश्नावर मतांची देवाणघेवाण करणे म्हणजे निव्वळ वेळ दवडणे आहे.

फेब्रुवारी २०१५ मध्ये एका पोशाखाच्या छायाचित्रावरून जगभर वाद झाला. कुणाला तो निळा-काळा दिसत होता, कुणाला पांढरा-सोनेरी. प्रत्यक्ष पोशाख निळा-काळाच होता, पण त्यावर कोणता प्रकाश पडला आहे, याचा प्रत्येकाचा मेंदू नकळत वेगळा अंदाज बांधत होता. रोजच्या वागण्यातल्या वादांचेही मूळ बहुधा अशाच न बोललेल्या गृहीतकात असते. विमानात आसन मागे कलवावे की नाही यावर माणसे कमालीच्या त्वेषाने लिहितात. त्यांतल्या एकाने ती जागा तिकिटासोबत विकत घेतलेली असते, तर दुसऱ्याच्या लेखी ती त्याच्या गुडघ्यांची असते. हे गृहीतक शब्दांत आणले की दोघांच्या लिखाणाचा सूर बदललेला मी पाहिला आहे, मग मते जुळोत वा न जुळोत.

अनोळखीपणाची दुसरी बाजू मी डोळ्यांआड करू इच्छित नाही. समोरचा आपल्याला ओळखत नाही आणि दिसतही नाही, तेव्हा माणसाचा संयम कसा सुटतो, याची मांडणी मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ मध्येच केली होती. २०१४ च्या 'गेमरगेट' प्रकरणात गेम क्षेत्रातल्या स्त्रियांना धमक्या आणि छळ सोसावा लागला, आणि हे सारे पत्रकारितेतील नीतिमत्तेच्या नावाखाली चालले होते. नावावरून मी स्त्री आहे हे कळले, की 'सेकिरो'वरचा माझा मुद्दा बाजूला पडतो आणि मी तो गेम खरोखर खेळले आहे का, याची उलटतपासणी सुरू होते. त्या उलटतपासणीला मी उत्तर देत नाही. पुरावा मुद्द्याचा मागावा. माणसाचा मागितला गेला, तर वाद तेथेच संपलेला असतो.

कुठे थांबावे, हेही ठरवावे लागते. कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये अशा चर्चांचा अभ्यास केला, ज्यांत मत बदलल्यास लिहिणारा ते स्वतः जाहीर करतो. थोडी उत्तरे-प्रत्युत्तरे उपयोगी पडतात, पण त्याच दोघांमध्ये पाच फेऱ्या झाल्यावर मत बदलण्याची शक्यता जवळजवळ उरत नाही, असे त्यांना आढळले. मी तर त्याआधीच, समोरच्याचा पूर्वपक्ष त्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडून पाहते. त्याने तो मान्य केला नाही, तर उत्तर लिहायची वेळ अजून आलेली नाही असे समजते.

सध्या माझा वाद चालू आहे तो विकत घेतलेल्या गेमच्या आयुष्यावर. मार्च २०२४ मध्ये 'द क्रू' या गेमचे सर्व्हर, म्हणजे ज्यांच्याशी इंटरनेटवरून जोडल्याशिवाय तो चालतच नव्हता ते कंपनीचे संगणक, बंद झाले आणि पैसे देऊन घेतलेला तो गेम कुणालाच खेळता येईना. विक्री झालेला गेम कंपनीने सेवा थांबवल्यानंतरही चालला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. सर्व्हरचे काम करणारा एक अनोळखी गृहस्थ मला सांगतो आहे, की त्या यंत्रणेत इतर कंपन्यांकडून परवान्यावर घेतलेले कोड असते आणि ते खेळाडूंच्या हाती देण्याचा अधिकार गेमच्या कंपनीला नसतो. नव्या गेमची आखणीच हे लक्षात घेऊन करता येईल, हे माझे उत्तर त्याला मान्य आहे; जुन्या गेमचे काय, असे तो विचारतो, आणि त्यावर मी अजून वाचते आहे.