तुम्ही विचारलंत म्हणून: गाइडमधली जुन्या गाडीची किंमत खरी धरायची का?

माझ्याकडे बाबांची १९७१ची फियाट ११०० आहे हे ज्यांना माहितीये ते भेटले की हमखास विचारतात, नेटवर ते अमेरिकेचे क्लासिक गाड्यांचे प्राइस गाइड असतात ना, त्यातली किंमत खरी धरायची का, आणि मग लगेच, आमच्या गावच्या घरी पण एक पद्मिनी, म्हणजे हीच फियाट पुढच्या नावाने, उभी आहे, तिचे किती येतील. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या तेव्हापासून तर हे विचारणारे वाढलेतच. प्रत्येकाला फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून टाकतो.

गाइड जरूर बघा. पण आधी किमतीचा आकडा नका बघू, त्याच्या शेजारचा कंडिशनचा नंबर बघा. हॅगर्टी म्हणून मिशिगनमधली जुन्या गाड्यांचा विमा उतरवणारी कंपनी आहे, त्यांच्या गाइडमध्ये एकाच गाडीच्या चार किमती असतात. नंबर १ म्हणजे जगातल्या उत्तम मोजक्या गाड्यांपैकी एक, जवळपास प्रदर्शनातच राहणारी. २ म्हणजे नवख्या माणसाला खोट सापडणार नाही अशी. ३ म्हणजे छान चालणारी, छान दिसणारी, पण जवळ गेलं की बारीकसारीक दिसतं. ४ म्हणजे चालते, पण दोष लांबूनच दिसतात. ओल्ड कार्स म्हणून अमेरिकेतलं जुन्या गाड्यांचं मासिक आहे, त्यांच्या गाइडमध्ये तर सहा नंबर असतात आणि सहावा म्हणजे फक्त पार्ट काढून घ्यायची गाडी. आता होतं काय, की आपली गाडी प्रत्येकाला २ वाटते. ती ३ असते, बऱ्याचदा ४. आणि २ आणि ३ मधला फरक म्हणजे किमतीत मोठी उडी असते, त्यामुळे गाइड चुकलं असं जेव्हा लोक म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा नंबर लावताना आपणच चुकलेलो असतो.

मी पण चुकलोच होतो. फियाटचा रंग चकचकीत, क्रोम चांगलं, सीट कव्हर नवीन, मी मनातल्या मनात २ लावून मोकळा. मग एका जुन्या मेकॅनिककाकांनी खिशातून साधं लोहचुंबक काढलं आणि दरवाजाच्या खालच्या कडेने फिरवलं, तर दोन-दोन वितीच्या पट्ट्यात ते चिकटेचना. पत्रा नव्हताच तिथे, पुट्टी होती नुसती. कार्पेट उचललं तर ड्रायव्हरच्या पायाखाली गंजून भोक पडलेलं. त्या एका दुपारी गाडी २ वरून ४ वर आली. पुढे पत्राकाम, रंग, दारांची बीडिंग, नाना पेठेत आणि कुर्ल्याला पार्टसाठी मारलेल्या चकरा, सगळं धरून जो खर्च झाला तो गाइडमध्ये ४ आणि ३ मध्ये जेवढा फरक दिसतो त्यापेक्षा कितीतरी जास्त होता. म्हणून विकत घेणाऱ्याला मी नेहमी सांगतो, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील पण चांगल्या पत्र्याचीच गाडी घ्या, इंजिन परत बांधता येतं हो.

आता आकडे येतात कुठून ते बघू. तिकडे लिलाव होतात, त्यांचे निकाल जाहीर असतात, गाइडवाल्यांचा मोठा आधार तोच. पण लिलावाचा जाहीर आकडा म्हणजे विकणाऱ्याच्या हातात पडलेले पैसे नव्हेत. ऑगस्ट २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेला एक फेरारी २५० जीटीओ ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली असं सगळीकडे छापून आलं, पण हातोडा पडला होता ४ कोटी ४० लाखांवर, वरचं खरेदीदाराने लिलाववाल्यांना दिलेलं कमिशन. शिवाय एका दिवशी एका हॉलमध्ये दोन हट्टी माणसं समोरासमोर आली की भाव कुठेही जातो, आणि जे व्यवहार दोन माणसांत घरी बसून होतात ते तर बहुतेक कुणाला कळतच नाहीत. त्यामुळे ज्या गाड्या पुष्कळ विकल्या जातात, म्हणजे अमेरिकन मस्टँग, ब्रिटिश एमजीबी असल्या, त्यांचा गाइडमधला आकडा बऱ्यापैकी विश्वासाचा असतो. गाडी जितकी दुर्मिळ तितका तो आकडा कच्चा.

आणि आपल्या गाड्यांचं तर गणितच वेगळं. परदेशी गाइडमध्ये फियाट ११०० डी सापडते, लोक ती किंमत घेतात, रुपयात करतात आणि मला पाठवतात. पण इटलीतली ११०० डी १२२१ सीसीची होती आणि १९६६ मध्ये बंदही झाली, आपली कुर्ल्याला बनलेली १०८९ सीसीची. नाव एक, गाडी एक नाही, बाजार तर नाहीच नाही. मी स्वतः ते पान प्रिंट करून विमा कंपनीच्या ऑफिसात नेलं होतं. आपल्याकडे पाच वर्षांपुढच्या गाडीची किंमत कंपनी आणि मालक आपसात ठरवतात, म्हणून वाटलं हे दाखवून जरा चांगली रक्कम मिळेल. त्यांनी पान परत दिलं आणि फक्त थर्ड पार्टी दिली, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरता विमा, आपल्या गाडीचा नाही. राग आला, अजून येतो, कारण त्या गाडीत बाबांनी आम्हाला पहिल्यांदा महाबळेश्वरला नेलं होतं. पण ते पान आमच्या गाडीचं नव्हतं हे त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

मग पद्मिनीची किंमत काढायची कशी? मी एक वही ठेवलीये. कोणाची गाडी विकली गेली असं कळलं की घेणाऱ्याला आणि विकणाऱ्याला, दोघांनाही विचारतो, मागितले किती, सुटली कितीला, पत्रा कसा होता, कागद कसे होते. जाहिरातीतली मागणी मी वेगळ्या रकान्यात लिहितो, ती किंमत नाहीच. आणि कागदांचा रकाना मला आता सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण आरसी अजून आजोबांच्या नावावर आणि वारसनोंद नाही अशी गाडी कितीही सुंदर असली तरी जाणकार गिऱ्हाईक मागे सरतं. पन्नास वर्षांपुढच्या गाडीला २०२१ च्या नियमांनी व्हिंटेज नोंदणी मिळू शकते, नवीन नोंदणीला २० हजार फी आणि दहा वर्षांची मुदत, पण मग ती रोज बाजारहाटाला नेता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढंच. चालवायला घेणाऱ्याला ते नको असतं, जपायला घेणाऱ्याला हवं असतं, म्हणजे एकाच गाडीला दोन गिऱ्हाइकं दोन भाव देणार.

तेव्हा मला फोटो पाठवणार असाल तर समोरून धुऊन-पुसून काढलेला नको. कार्पेट उचलून खालच्या पत्र्याचा पाठवा, दारांच्या खालच्या कडांचा पाठवा, आणि आरसीचा.