स्कॉलरशिपचं नंतर बघू

जून उजाडला की माझा फोन वाजायला लागतो. नोकरीतून सुटून चार वर्षं झाली, तरी गल्लीत, माहेरी, मुलाच्या मित्रांच्या घरी सगळ्यांना ठाऊक आहे की मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिष्यवृत्तीच्या खिडकीत बसायचे. प्रश्न ठरलेला असतो : "मॅडम, पोराला कुठलं कॉलेज घेऊ?" त्याचं उत्तर माझ्याकडे नसतं. मी उलट विचारते, "उत्पन्नाचा दाखला काढलात का?" पलीकडून हसल्याचा आवाज येतो. "ते स्कॉलरशिपचं नंतर बघू हो, आधी ॲडमिशन तर होऊ दे."

हे "नंतर बघू" मी एकवीस वर्षं ऐकलं. फी माफ होणार की नाही, हे प्रवेश कुठल्या वाटेनं घेतला त्यावरच ठरून गेलेलं असतं. माणूस खिडकीशी येईपर्यंत आत बसलेल्या बाईच्या हातात फक्त शिक्का उरतो.

गेल्या वर्षी एक गृहस्थ घरी आले. पिशवीतून फीची पावती काढून त्यांनी टीपॉयवर ठेवली. मुलगी ओबीसी, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या पुष्कळ आत. ओबीसी, ईडब्ल्यूएस (खुल्या वर्गातले आर्थिक दुर्बल) आणि एसईबीसी (मराठा आरक्षणाचा गट) मुलींना या उत्पन्नात व्यावसायिक अभ्यासक्रमाची ट्यूशन फी आणि परीक्षा फी 2024 पासून पूर्ण माफ आहे. अर्ज कसा भरायचा ते विचारायला आले असतील, असं मला वाटलं. पावती वाचली तर मॅनेजमेंट कोटा. कॅपच्या, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेच्या, पहिल्या राउंडला पोरीला पस्तीस किलोमीटरवरच्या कॉलेजात जागा मिळाली होती. रोज एवढं लांब कशाला, म्हणून घराजवळच्या कॉलेजात थेट पैसे भरून मोकळे झाले. ही माफी कॅपमधून आलेल्यांनाच मिळते. मॅनेजमेंट कोट्याला आणि संस्था स्तरावरच्या प्रवेशाला नाही. मी सांगितलं तेव्हा त्यांनी पावतीची घडी उलगडली, पुन्हा घातली. "म्हणजे चारही वर्षं?" मी चहा ठेवायला उठले.

पस्तीस किलोमीटरचा एसटीचा पास कितीला पडतो, हे आम्ही दोघांनीही काढलं नाही.

दुसरी गंमत त्या 'टी'ची. कॅपचा ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांचा पसंतीक्रम, भरताना एकाच कॉलेजचा, एकाच शाखेचा कोड दोनदा दिसतो आणि एकाच्या शेवटी टी असतो. पालकांना वाटतं, चुकून दोनदा आलंय. ती ट्यूशन फी माफीची जागा असते. मंजूर जागांच्या वर पाच टक्के, कुठल्याही जातीच्या मुलाला, उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं एवढंच. तिचा कटऑफ चढा असतो, आणि एकदा घेतली की कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही. पण फॉर्ममध्ये तो कोड वर टाकायला एक पैसा पडत नाही. टी मिळाली नाही तर यंत्रणा खालचा साधा कोड बघते. मात्र पहिल्या राउंडला पहिलाच पसंतीक्रम मिळाला तर जागा आपोआप पक्की होते. मग "आम्ही सहज टाकलं होतं" म्हणून भागत नाही. अशी सहज टाकलेली सिव्हिलची जागा घेऊन रडणारी मुलं मी पाहिली आहेत.

कागदांचं काय सांगू! नॉन क्रिमीलेअरवर, म्हणजे घर उन्नत गटात मोडत नाही या दाखल्यावर, जातीचं नाव कुणीही वाचतो, खालची तारीख कुणी वाचत नाही. ते प्रवेशाच्या वर्षाच्या पुढच्या 31 मार्चपर्यंत चालणारं लागतं. थोरल्याच्या वेळी काढलेलं धाकट्याच्या फाइलला लावून येतात. केंद्राच्या एनआयटी कॉलेजांकडेही डोळा असेल तर केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा काढावा लागतो, राज्याचा तिथं चालत नाही. आणि जात पडताळणी म्हणजे बारावीचं वर्ष सुरू असतानाच करायचं काम. ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा दाखवावा लागतो, म्हणजे आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला. तो ज्या गावच्या शाळेत आहे, तिथं मे महिन्यात कुलूप असतं.

माफी म्हणजे सगळी फी नव्हे, हेही फोनवर सांगावं लागतं. डेव्हलपमेंट फी, हॉस्टेल, मेस खिशातूनच जातं.

मी हे सगळं जाणणारी, तरी घरच्या फॉर्मला फसलेच. मुलाची शिष्यवृत्ती महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, 'जमा' दिसत होती आणि पासबुकात काही नव्हतं. माझ्या खिडकीशी लोक भांडायचे तशी मी बँकेतल्या पोराशी भांडले. त्यानं संगणकात बघून शांतपणे सांगितलं, "काकू, यांचं आधार दुसऱ्या बँकेला जोडलंय." फॉर्ममध्ये खातं कुठलंही लिहा, पैसे आधार जोडलेल्या खात्यातच जातात. सातवीत असताना शाळेनं एक खातं काढायला लावलं होतं. ते पासबुक शिलाई मशिनच्या खणात, बटणांच्या डबीखाली सापडलं. हप्ता तिथं पाच महिने पडून होता.

परवा आतेभावाचा फोन आला. पोरगा आता कुठं अकरावीत गेलाय. "कॉलेज कुठलं चांगलं गं?" म्हणाला. मी विचारलं, "तुझे आजोबा कुठल्या शाळेत होते?" बराच वेळ फोनवर नुसती पंख्याची घरघर. मग त्यानं आत हाक मारली, "आई, आबा शिकले होते का गं?"