खांदशेकणी

बाबांना पक्षाघाताचा झटका आला तेव्हा ते दाढी करत होते. अर्धा गाल साफ, अर्ध्यावर फेस. स्ट्रेचरवरून आत नेईपर्यंत तो फेस वाळून त्याचा पापुद्रा झाला होता, आणि त्या सगळ्या गोंधळात मला तोच पुसायची घाई झाली होती. डॉक्टरबाईंनी स्कॅन पाहून सांगितलं, मेंदूच्या डाव्या भागात गुठळी अडकली आहे. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्हींवर घाला पडलाय. किती परत येईल ते आज सांगता येणार नाही.

हातापायाचं एक वेळ समजून घेतलं असतं. पण बाबांचं बोलणं? चाळीस वर्षं त्यांनी चर्चच्या मंडळीत संडे स्कूल घेतलं. ते प्रार्थनेला उभे राहिले की बायका मनातल्या मनात घरचा गॅस बंद केलाय की नाही ते आठवून घेत. अशा माणसाकडे आता एकच शब्द उरला होता, ‘बघ’. पाणी हवं, बघ. उशी सरकली, बघ. आम्हाला कळलं नाही आणि संताप आला की बघ बघ बघ.

दुसऱ्या दिवशी आईने घरून बायबलच्या वचनाची फ्रेम आणून खाटेशेजारच्या लॉकरवर ठेवली. आमच्या ख्रिस्ती लोकांच्या बैठकीत असं एखादं वचन असतंच. कुठे लाकडात कोरलेलं, कुठे दोऱ्याने भरलेलं, कुठे बँकेच्या कॅलेंडरमागे अर्धं दडलेलं. आमचं काचेतलं आहे, मत्तयाच्या अकराव्या अध्यायातलं: ‘अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन.’ लहानपणापासून ते समोर आहे. म्हणूनच बहुधा मी ते वाचायचं सोडून दिलं होतं. छताच्या पंख्यावरचं कंपनीचं नाव कोण रोज वाचतं?

वाचलं ते शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी. सासवडकडचे, गळ्यात तुळशीची माळ, खुब्याचं हाड मोडून पडलेले. दिवसभर छताकडे बघून कंटाळलेला माणूस दिसेल ते वाचतो. एकेका अक्षरावर बोट धरल्यासारखं त्यांनी मोठ्याने वाचलं आणि मध्येच अडखळले. “भारा... भाराक्रांत. हे जरा जड झालं की, माऊली.”

जडच आहे. हीच खंत केडगावच्या पंडिता रमाबाईंना होती. शास्त्र्यांनी ज्यांच्या संस्कृतपुढे मान तुकवली त्या बाई, दुष्काळातून आणलेल्या आपल्या मुलींना कळावं म्हणून अख्खं बायबल साध्या मराठीत उतरवायला बसल्या, आणि त्यासाठी हिब्रू-ग्रीक शिकल्या. आम्ही गावाहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने पुण्याला येताना दौंड मागे पडलं की बाबा आम्हाला खिडकीशी बसवत आणि केडगाव येईपर्यंत त्यांची कहाणी सुरू असे. दुष्काळाने आई-वडील गेले, मागोमाग बहीण. मग भाऊ. लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोच पटकीने नवरा. १९२१ साली एकुलती एक मनोरमा. आणि १९२२च्या एप्रिलमध्ये स्वतः जाईपर्यंत बाई भाषांतराला चिकटून. सबंध बायबल छापून झालं ते त्यांच्यामागे, १९२४ साली. मला तेव्हा त्यात फक्त गेलेली माणसं मोजता यायची. एवढं सोसून ही बाई पुस्तक कसलं लिहीत बसली, असंही वाटायचं. त्या वॉर्डात, हातात गोळ्यांच्या वेळांची वही धरून बसलो असताना, पहिल्यांदा वाटलं की त्यांनाही टेकायला काहीतरी लागत असेल. त्यांनी कागदाला टेकवलं.

आजोबांचं मात्र वेगळंच चाललं होतं. “विसावा म्हंजी मुक्काम न्हवं,” ते म्हणाले. त्यांनी बत्तीस वाऱ्या केल्या होत्या, त्यामुळे या विषयात त्यांचा शब्द शेवटचा. पालखीचा मुक्काम रात्रीचा. तिथे तंबू पडतात, चुली पेटतात. विसावा म्हणजे वाटेत पालखी टेकवायची, घोटभर पाणी, पाय लांब करायचे आणि निघायचं. पुण्याहून निघालं की हडपसर, मग वडकी नाला, आणि वडकीच्या पुढे लगेच दिवे घाट. “घाटाच्या आदी टेकायचं असतं माऊली. वडकीला जो टेकला न्हाई त्याची घाटात जीभ भाईर येती.”

मी हसलो. पण रात्री खाटेखाली चटई टाकून पडल्यावर ते डोक्यातून जाईना. मी इतकी वर्षं त्या वचनाकडे मुक्कामाची पावती म्हणून बघत आलो होतो. विश्वास ठेवला की पोचलोच, सामान खाली, दार बंद. आणि ज्या अर्थी माझं सामान खाली उतरत नव्हतं त्या अर्थी कुठेतरी माझ्याच विश्वासात खोट असणार. तिथे तर घाट अजून समोरच होता.

खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला प्रार्थना जमत नव्हती. डोळे मिटले की बिलाचे आकडे दिसत. आणि भेटीला येणारे तऱ्हेतऱ्हेचे. कुणी म्हणे प्रभू परीक्षा पाहतोय. कुणी आपल्या साडूची साक्ष सांगे, की अकराव्या दिवशी उठून चालायला लागला. मंडळीतल्या एका भावांनी इतक्या मोठ्याने प्रार्थना केली की पलीकडचा सलाईनवाला दचकून उठून बसला. माया होती, नाही असं नाही. पण ते गेले की मी आणखी थकलेला असे.

एक काकू मात्र आल्या आणि पिशवीतून डबा काढला. ज्वारीच्या दोन भाकरी, पिठलं, ठेचा. म्हणाल्या, “खा आणि जा, घरी जाऊन झोप. सकाळपर्यंत मी बसते.” वचन नाही, उपदेश नाही, साडू नाही. मी घरी जाऊन नऊ तास झोपलो. उठल्यावर एलीया आठवला. जीव नकोसा होऊन रानात झुडपाखाली आडवा झालेला तो संदेष्टा, ‘पुरे झालं, आता माझा प्राण घे’ म्हणणारा. त्याच्याकडे देवदूत येतो तो नुसतं म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई. एलीया खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. देवदूत रागवत नाही. परत येतो, परत जेवू घालतो, आणि सांगतो, वाट लांबची आहे. या गोष्टीवर मी पाच-सहा तरी प्रवचनं ऐकली असतील. सगळी पुढच्या भूकंपावर आणि मंद वाणीवर. भाकरीवर एकही नाही.

पुढच्या रविवारी उपासना आटोपून मंडळीतले सहा-सात जण आले. सिस्टरांनी बजावलं होतं, आवाज नको. त्यामुळे पेटी नाही, टाळ नाही. ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकाची एकच प्रत, तिच्यावर सगळ्यांची डोकी, आणि ना. वा. टिळकांचं एक गीत, जवळजवळ कुजबुजत. पहिलं कडवं झालं. दुसऱ्याला मला एक जाडसर, फाटका आवाज ऐकू आला. बाबा गात होते. ‘बघ’ नव्हे, शब्द. ओठाचा उजवा कोपरा खाली ओघळलेला, त्यातून थुंकी येतेय, पण शब्दामागे शब्द, यमकासकट, एकही चूक नाही. ध्रुवपद आलं तेव्हा बाकीचे थांबले होते आणि ते एकटेच म्हणत होते. आईने तोंडात पदर धरला. आजोबा खाटेवरून दोन बोटांनी ताल देत होते. गीत संपलं आणि बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, “बघ.”

लगेच फोनाफोनी झाली, चमत्कार झाला म्हणून. डॉक्टरबाईंना सांगितलं तर त्यांना आश्चर्य वाटलं नाही. नवं वाक्य जुळवायचं काम मुख्यतः मेंदूच्या डाव्या बाजूचं, त्या म्हणाल्या. गाण्याला उजवी बाजूही हात देते. वाचा गेलेल्या कितीतरी रुग्णांना गाता येतं. जुनं पाठांतर, आकडे, महिन्यांची नावं, प्रार्थना, असं घोटलेलं काहीही कधी कधी सलग बाहेर पडतं. गाऊ द्या त्यांना, रोज गाऊ द्या. मला ते ऐकून उलट बरं वाटलं. चमत्कार एकदाच होतो आणि मग आपण त्याची वाट बघत बसतो. हे रोज करण्यासारखं होतं.

तिसऱ्या आठवड्यात घरी आणलं. घाट तिथून सुरू झाला. कमोडची खुर्ची, रात्री तीनदा उठणं, रबराचा चेंडू दाबण्यावरून होणारी भांडणं. उजवा खांदा सांध्यातून सैल पडून दुखायचा. फिजिओथेरपिस्टने दाखवून दिलं होतं, हात कधी ओढायचा नाही, कोपराखाली उशी द्यायची, आणि खांद्याभोवती कोमट तेलाचा हलका हात फिरवायचा. ते काम माझ्याकडे आलं. संध्याकाळी वाटीत तेल कोमट करायचं आणि त्यांच्या मागे बसायचं. बापाच्या उघड्या खांद्याला मी पन्नाशीत पहिल्यांदा हात लावत होतो. मला वाटलं होतं त्यापेक्षा तो बराच लहान होता. मानेखाली कातडी जुन्या पिशवीसारखी मऊ पडलेली.

वचनाच्या खालच्याच ओळींत प्रभू म्हणतो, माझं जू आपल्यावर घ्या, ते सोयीचं आहे. संडे स्कूलमध्ये बाबांचा हा हातखंडा धडा. ते यवतमाळकडच्या शेतकऱ्याचं पोर. सांगायचे, जू घासलं की बैलाची खांद सुजते, मग तो मान वाकवत नाही. म्हणून चांगला सुतार बैल बघून लाकूड तासतो. येशू सुतार होता, त्याला हे ठाऊक असणारच. आणि जुवाला दोन बैल लागतात, हे पोरांनो विसरू नका. आमच्या आजोबांच्या घरी पोळ्याला पूजा नसे, पण आदल्या संध्याकाळची खांदशेकणी कधी चुकली नाही. हळद-तेलाने खांद चोळायची, शेकायची. मालक कुठल्या देवळात जातो याच्याशी बैलाला काय करायचंय, असं आजोबा म्हणत.

त्या दिवशी मार्चमधला कुठलासा गुरुवार होता. पोळ्याला पाच महिने अवकाश. मी खांद्यावरून तेल जिरवत होतो, मनात दुसऱ्या दिवशीच्या रजेचं गणित. बाबा बराच वेळ गप्प होते. मग डावा हात उचलून त्यांनी माझ्या मनगटावर ठेवला आणि खणखणीत, वऱ्हाडी हेल काढून म्हणाले, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.”

खांद शेकताना बैलाला असंच आमंत्रण देतात.

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, “कोणाला बोलावताय? पीठ भिजवायचंय मला.”