पोरगं कुठलं?

कोल्हापुरात फुटबॉलचा संघ निवडायची सोय नाही. जावई निवडता येतो, गाडी निवडता येते. संघ मात्र आपण ज्या गल्लीत जन्मलो तिनं आधीच ठरवून ठेवलेला असतो. खंडोबा, दिलबहार, पाटाकडील, बालगोपाल, प्रॅक्टिस, फुलेवाडी, संध्यामठ. बाहेरगावचा पाहुणा ही नावं ऐकतो, त्यातल्या बऱ्याच नावांपुढं ‘तालीम’ वाचतो आणि विचारतो, इथं कुस्ती चालते का? चालते की. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेलं खासबाग मैदान याच गावात आहे. तालमीच्या पोरांनी सकाळी तांबडी माती अंगाला लावली आणि संध्याकाळी चेंडू लाथाडला, यात कुणाला काही विसंगत वाटलं नाही. खेळ साहेबाचा असला तरी नारळ मारुतीपुढंच फुटतो.

बरं, जन्मच हवा असंही नाही. अलीकडं इथल्या संघांतून नायजेरियाचे खेळाडूही खेळून गेले. चार महिने पेठेत राहिला, कट्ट्यावर बसला, दोन गोल मारले की तो पेठेचा. त्याला ‘भावा’ म्हणतात आणि चहाचे पैसे देऊ देत नाहीत.

आमच्या शेजारचे आण्णा या व्यवस्थेतले जुने मानकरी. वय सत्तरीपुढं, गुडघे कुरकुरतात, पण सीझन सुरू झाला की दुपारी दोनच्या मॅचला उन्हात पायरीवर हजर. त्यांना मी एका रविवारी सकाळी शाहू स्टेडियमवर घेऊन गेलो. चौदा वर्षांखालच्या पोरांच्या चषकाची मॅच होती, शाळाशाळांमधली. तिकीट नाही, गर्दी नाही, बंदोबस्ताची गाडी नाही. गॅलरीत आईबापं, त्यांच्या मांडीवर डबे, पाण्याच्या बाटल्या आणि केळी. एक बाबा पूर्ण मॅच मोबाईलवर काढत होते, म्हणजे त्यांनी ती पाहिली नाही.

‘‘कोण खेळतंय?’’ आण्णांनी टेकता टेकता विचारलं.

‘‘दोन शाळा आहेत, आण्णा.’’

‘‘ते दिसतंय मला. कोण म्हंजे, कुणाची पोरं?’’

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं, आणि पहिला अर्धा तास आण्णा गप्प होते. त्यांना मैदानावर गप्प बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. पंचाला शिव्या घालायच्या तरी कुणाच्या बाजूनं घालायच्या, हा प्रश्न होता.

खेळ मात्र बघण्यासारखा होता. या वयातल्या पोरांचं एक असतं, चेंडू जिथं तिथं सगळी. प्रशिक्षक कडेनं ‘‘जागा धर, जागा धर’’ म्हणून घसा फोडतो आणि मधमाश्यांचं मोहोळ या टोकाहून त्या टोकाला जातं. अंगातले शर्ट गुडघ्याला टेकलेले. डोक्यावर नेमार, गोल झाल्यावर उडी रोनाल्डोची. आपल्याकडं वर्ल्डकपला गल्लीच्या तोंडावर ज्यांचे कटआउट लागतात, ती सगळी मंडळी इथं साडेचार फुटांत हजर होती. मला सगळ्यात दया आली ती गोलकीपरांची. गोलपोस्ट पुऱ्या मापाची, चोवीस फूट रुंद आणि आठ फूट उंच. चेंडूही मोठ्यांचाच, चारशे दहा ते साडेचारशे ग्रॅमचा. त्याखाली उभं राहिलेलं पोरगं उडी मारून आडव्या बारला हात लावायला बघत होतं, आणि बोटं वीतभर खालीच राहत होती. वरून येणारा चेंडू त्यानं सोडलाच पाहिजे, पण एकदाही सोडला नाही. प्रत्येक वेळी उडाला.

असल्याच एका उडीला त्याची बोटं चेंडूला लागली आणि चेंडू बाहेर गेला. आण्णांनी टाळी वाजवली. मग दचकून आजूबाजूला पाहिलं, कुणी बघितलं तर नाही ना! विरुद्ध संघाच्या गोलकीपरला टाळी वाजवायची आयुष्यभरात सवय नाही. आणि इथं तर विरुद्ध संघ कोणता हेच ठरलेलं नव्हतं.

मध्यंतरात ते उठून जाळीपाशी गेले. मी भडंग घेऊन आलो तोवर ते पुरी माहिती काढून परतले होते.

‘‘सात नंबर शिवाजी पेठेतला. अकरा नंबर रविवार पेठेतला. आणि एकाच टीमात हाईत!’’

‘‘एका वर्गात असतील.’’

‘‘असू देत. पण बॉल देत्यात की रं एकमेकाला.’’

दोन-तीन वर्षांनी देणार नाहीत, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. एकेक तालीम त्यांना उचलेल, रजिस्ट्रेशन होईल, आणि हाच सात नंबर याच अकरा नंबरच्या नडगीवर बूट ठेवेल. लोक म्हणतात, या ईर्ष्येनं खेळाचं नुकसान झालं. झालंही असेल, भांडणं आम्ही पाहिली आहेत. पण मला प्रामाणिकपणे वाटतं, ईर्ष्या नसती तर क्रिकेटनं इथला फुटबॉल कधीच गिळला असता. एकट्या खेळाच्या प्रेमापोटी मे महिन्यातल्या दुपारी दगडी पायरीवर कोण बसतो? समोरच्या पेठेला हरताना बघायला माणूस बसतो, आणि बसल्या बसल्या चांगला पास कशाला म्हणतात तेही शिकतो. त्या सकाळी मॅच छान होती, पण खरं सांगायचं तर जेवणात मीठ जरा कमी होतं.

हे स्टेडियम आहे तिथं पूर्वी रावणेश्वराचं तळं होतं. शिवाजी पेठेतल्या गांधी मैदानाच्या जागी वरुणतीर्थ. कोल्हापूरनं तळी बुजवली आणि मैदानं केली. पावसाळ्यात गांधी मैदानावर तळं येऊन आपली जागा बघून जातं. असो.

दुसऱ्या अर्ध्यात दहा नंबरचं पोरगं दिसलं. डावखुरं, काटकुळं. मोहोळ डावीकडं गेलं की ते उजवीकडं एकटं थांबायचं. त्याला कुणी शिकवलं होतं की उपजत होतं कोण जाणे, पण चेंडू येण्याआधी मान वळवून मागं बघत होतं. आण्णा पुढं सरकून बसले.

२०१७ साली सतरा वर्षांखालचा वर्ल्डकप भारतात झाला. आपल्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. अमेरिका, कोलंबिया, घाना, तिघांकडूनही दिल्लीत आपण हरलो, तरी गावाची मान ताठ. त्या वेळी तरी कुणी त्याची पेठ काढली नसेल, असं मला वाटत होतं. आण्णांनी काढली होती.

मॅच एक-एक सुटली आणि टायब्रेकर झाला. आठ फुटांच्या बारखालचं ते पोरगं चौथ्या किकला बरोबर बाजूला पडलं, चेंडू पोटाशी धरला आणि तसाच धरून बसलं; पंचाला तो मागून घ्यावा लागला. दहा नंबरनं शेवटची किक डाव्या पायानं कोपऱ्यात सरपटत घातली. संपलं. हरलेले रडले, दहा मिनिटांनी दोन्ही संघ एकाच बादलीतलं लिंबू सरबत पीत होते.

आण्णा दहा नंबरपाशी पोचलेच.

‘‘कुठला रं तू?’’

‘‘बोर्डिंगात असतो.’’

१९०१ साली शाहू महाराजांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, तेव्हापासून गावोगावची पोरं या शहरात येऊन शिकतात. पण आण्णांना एवढ्यानं भागणार नव्हतं.

‘‘बोर्डिंगात कोण बी असतंय. मूळ गाव?’’

‘‘गडहिंग्लज.’’

आण्णांचा चेहरा पडला. गडहिंग्लजला फुटबॉलचं वेड आपल्याइतकंच मुरलेलं. तिथलं पोरगं म्हणजे परक्या राज्याचं. त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. नजर फाटलेल्या बुटांवर थांबली.

‘‘बरं, ऱ्हाऊ दे,’’ ते म्हणाले. ‘‘बूट कितवा नंबर लागतोय तुला?’’