माझा अनुभव : मागांच्या शेजारी ५.१ जुळवताना

दिवाळीत घेतलेला पाच स्पीकर आणि मंद्र आवाजासाठी एक सबवूफर असा ५.१ संच महिनाभर वापरूनही घरातली तक्रार कायम होती. संवाद नीट ऐकू येत नसत, आणि ते ऐकू यावेत म्हणून आवाज वाढवला की पडद्यावरच्या गाड्या आणि ढोल अंगावर येत. संच बसवून देणाऱ्या तंत्रज्ञाने सोबत आलेला माईक सोफ्याच्या पाठीवर ठेवून, भर दुपारी, पंखा चालू असताना पाच मिनिटांत ‘ऑटो सेटअप’, म्हणजे माईकने ऐकून स्पीकरची पातळी आणि अंतरे आपोआप ठरवणारी मोजणी, उरकला होता. आमचे घर सोलापुरात अशोक चौकाजवळ असून मागच्या गल्लीत यंत्रमाग चालतात. त्यांची खटखट आम्हाला सवयीने ऐकू येत नाही, माईकला मात्र येते. ही जुळवणी स्वतः पुन्हा करायची असे मी ठरवले आणि त्यात माझे तीन रविवार गेले.

पहिला रविवार तारांतच संपला. सगळ्या स्पीकरना ध्वनी पुरवणारा रिसीव्हर उजव्या मागच्या स्पीकरच्या नावापुढे ‘फेज’ची, म्हणजे तार उलटी जोडल्याची, चूक दाखवत होता. हा संदेश कधी कधी भिंतीवरून परतणाऱ्या ध्वनीमुळेही येतो, म्हणून त्यावर लगेच विश्वास न ठेवता मी स्पीकरची तार रिसीव्हरच्या बाजूने सोडवली आणि तिच्या टोकांना दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर टेकवला. लाल खुणेच्या तारेला सेलचे धन टोक लावल्यावर स्पीकरचा पडदा बाहेर यायला हवा. येथे तो आत गेला. म्हणजे तार खरोखरच उलटी जोडलेली होती. एक स्पीकर हवा पुढे ढकलत असताना दुसरा मागे ओढत असेल, तर दोघांचा मंद्र आवाज एकमेकांना खोडतो आणि ध्वनी नेमका कोठून येतो ते कळत नाही.

त्यानंतर सोफ्याचा प्रश्न आला, आणि खरे दुखणे तेथेच होते. खोली १४ फूट लांब आणि १० फूट रुंद. टीव्ही आखूड भिंतीवर आणि सोफा समोरच्या भिंतीला अगदी टेकलेला. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरला, तर ४.२७ मीटर लांबीच्या खोलीत ४० हर्ट्झच्या आसपासचा ध्वनी दोन भिंतींमध्ये घुमत राहतो. त्याचा दाब भिंतीपाशी सर्वाधिक आणि खोलीच्या बरोबर मध्यावर सर्वांत कमी असतो. आम्ही भिंतीला पाठ लावून बसत होतो, म्हणजे जेथे घुमारा सर्वाधिक तेथेच. सोफा अगदी मध्यावर आणला असता तर उलट ढोल पोकळ वाटले असते, म्हणून तो मागच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर घेतला. सौभाग्यवतींना ही मांडणी लग्नाच्या कार्यालयासारखी वाटली आणि परवानगी आठ दिवसांच्या बोलीवर मिळाली. सोफ्यामागे जागा झाल्यामुळे मागचे दोन स्पीकरही योग्य ठिकाणी बसले. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीएस.७७५ या शिफारशीत पुढचे स्पीकर ऐकणाऱ्याच्या समोरच्या मध्यरेषेपासून ३० अंशांवर आणि मागचे १०० ते १२० अंशांवर सांगितले आहेत. आमच्या अरुंद खोलीत पुढच्यांना २५ अंशच मिळाले. डावा मागचा १०८ अंशांवर बसला, तर उजवा दारामुळे किंचित मागे सरकवावा लागला.

सबवूफरची जागा शोधण्यासाठी तो उचलून चक्क सोफ्यावर ठेवला, एकसारख्या ठेक्याचा मंद्र आवाज लावला आणि भिंतीच्या कडेने मी गुडघ्यांवर रांगत निघालो. जेथे आवाज घुमत नाही आणि लुप्तही होत नाही, तेथे सबवूफर ठेवायचा, अशी ही उलटी पण खात्रीची युक्ती आहे. अप्पा दारात येऊन “काय हरवलंय रे?” असे विचारून गेले. तंत्रज्ञाने निवडलेल्या कोपऱ्याऐवजी पुढच्या भिंतीच्या डाव्या भागात, कोपऱ्यापासून अडीच फुटांवर, जागा सापडली.

शहाबादी फरशी आणि उघड्या भिंती यांमुळे टाळी वाजवली तरी खोली खणखणत असे. खाली जाड सतरंजी अंथरली. बाजूच्या भिंतीवर एकाने आरसा सरकवत न्यावा आणि सोफ्यावर बसलेल्याला जेथे पुढचा स्पीकर त्यात दिसेल तेथे खूण करावी, या रीतीने परावर्तनाच्या जागा काढल्या आणि तेथे दुहेरी घडीच्या सोलापुरी चादरी भिंतीपासून चार बोटे पुढे टांगल्या. चादर तीव्र स्वर शोषते, ४० हर्ट्झला ती काहीही करू शकत नाही. पण संवादांतील ‘स’ आणि ‘श’ त्याच दिवशी वेगळे ऐकू येऊ लागले.

मोजणी तिसऱ्या रविवारी, माग बंद असताना, पंखा आणि फ्रिज बंद करून केली. माईक ट्रायपॉडवर कानाच्या उंचीला लावला आणि बैठकीभोवती अर्ध्या मीटरच्या आत सहा ठिकाणी हलवला. पहिल्या फेरीत सबवूफरची पातळी उणे १२ डेसिबल आली. ती रिसीव्हरची शेवटची मर्यादा होती, म्हणून सबवूफरवरील आवाजाचे बटण निम्म्यावर आणून सगळे पुन्हा केले. दुसऱ्या फेरीतील अंतरे टेपशी जुळली : पुढचे २.७५ मीटर, मधला २.५, मागचे १.७ आणि १.९. जवळच्या स्पीकरचा ध्वनी आधी पोहोचू नये म्हणून रिसीव्हर त्याला मीटरमागे सुमारे २.९ मिलिसेकंद थांबवतो. सबवूफरचे अंतर मात्र टेपपेक्षा मीटरभर जास्त दाखवले होते. त्याच्या आतील यंत्रणेला लागणारा वेळ रिसीव्हर अंतरात धरतो, म्हणून तो आकडा बदलला नाही.

दोन निर्णय मी यंत्राविरुद्ध घेतले. पुढच्या पाच इंची स्पीकरना त्याने ‘लार्ज’, म्हणजे मंद्र स्वरही स्वतःच वाजवणारे, ठरवले होते. ते ‘स्मॉल’ करून क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याखालचा आवाज सबवूफरकडे जातो ती सीमा, टीएचएक्स या चित्रपटध्वनीच्या प्रमाणन संस्थेच्या रूढ शिफारशीप्रमाणे ८० हर्ट्झवर नेला आणि सबवूफरवरील क्रॉसओव्हरचे बटण पूर्ण उघडले, म्हणजे दोन गाळण्या एकमेकींवर बसणार नाहीत. शेवटी रिसीव्हरचा पिंक नॉइज (सगळे स्वर असलेला चाचणीचा खरखराट) लावून, ध्वनिपातळीचा मीटर ‘सी’ (मंद्र स्वरही मोजणारी) आणि ‘स्लो’ (आकडा संथपणे बदलणारी) या खुणांवर ठेवून, प्रत्येक स्पीकर ७५ डेसिबलला तपासला. मीटर म्हणजे मोबाईलवरचे ॲप होते. त्याचा नेमका आकडा भरवशाचा नसला तरी पाच स्पीकरची आपसातील तुलना त्यावर ठीक होते. फरक एका डेसिबलच्या आत होता.

सगळे आकडे कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवले आहेत. आठ दिवसांची मुदत उलटूनही सोफा कोणी मागे नेला नाही. मार्चमध्ये कूलर सुरू झाला तेव्हा अप्पांसाठी मधल्या स्पीकरची पातळी दीड डेसिबलने वाढवली. बाकीचे आकडे अजून तेच आहेत.